खारपाणपट्ट्यातील रविवारचे विज्ञान मार्गदर्शन केंद्र : एक परीक्षण

अमरावती जिल्ह्याच्या खारपाणपट्ट्यात, आमच्या तालुक्याच्या गावी, एका जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत दर रविवारी विज्ञान प्रदर्शनीसाठी मुलांना मार्गदर्शन करणारे एक केंद्र चालते. एक सेवानिवृत्त विज्ञान शिक्षक आणि कृषी पदवी घेऊन गावी परतलेली, स्वतः शेती करणारी एक तरुणी असे दोघे मिळून ते चालवतात. मुले त्यांना सर आणि ताई म्हणतात. आपली नावे छापली जाऊ नयेत अशी दोघांचीही इच्छा असल्यामुळे मी इथे ती देत नाही. आजूबाजूच्या खेड्यांतील माध्यमिक शाळांपैकी एका शाळेत मी विज्ञान शिकवते आणि आमचे विद्यार्थी काही वर्षांपासून या केंद्रात जात आहेत. आपल्या मुलाला तिथे पाठवावे की नाही, असे पालक मला वारंवार विचारतात. त्यांना सविस्तर उत्तर देता यावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

विज्ञान प्रदर्शनीची व्यवस्था आपल्याकडे नवी नाही. राष्ट्रीय पातळीवरची एनसीईआरटीची (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची) प्रदर्शनी १९७१ पासून भरते आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी तालुका, जिल्हा आणि राज्य असे टप्पे ओलांडावे लागतात. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ मध्ये सुरू झाली. तिच्यात मुलांनी आपल्या परिसरातील एखादा प्रश्न घेऊन काही महिने प्रत्यक्ष अभ्यास करावा, अशी अपेक्षा असते. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळेने पाठवलेली कल्पना निवडली गेली, तर प्रतिकृती बनवण्यासाठी दहा हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. म्हणजे खेड्यातील मुलासाठी पायऱ्या आहेत आणि थोडाफार पैसाही आहे. नसतो तो हात धरून पहिली पायरी चढवणारा माणूस. मुख्याध्यापकांच्या हाती प्रदर्शनीचे पत्र पडते तेव्हा अनेकदा आठ-दहा दिवसच उरलेले असतात. मग कोणी पालक शहरात जाऊन तयार प्रतिकृती विकत आणतो, मूल रात्रभर चार वाक्ये पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर ती म्हणून दाखवते. ज्वालामुखी, इंजेक्शनच्या सिरिंजवर हलणारी जेसीबी, पाण्याची टाकी भरली की वाजणारा भोंगा यांची दरवर्षी रांग लागते. एनसीईआरटीच्या मूल्यांकनाच्या निकषांत सर्वाधिक, म्हणजे शंभरपैकी २० गुण मुलांच्या स्वतःच्या कल्पकतेसाठी राखलेले आहेत, ही गोष्ट त्या रांगेतून फिरताना लक्षातही येत नाही.

हे केंद्र इथेच वेगळे ठरते. विषय मागायला आलेल्या मुलाला तिथे विषय मिळत नाही. त्याला शंभर पानी वही दिली जाते आणि घरी, शेतात, शाळेच्या वाटेवर ज्या ज्या गोष्टी पाहून 'हे असे का?' असे मनात आले, त्या सर्व लिहून आणायला सांगितले जाते. पहिल्या एक-दोन रविवारी बहुतेक वह्या कोऱ्या परत येतात आणि सर त्यावर एका शब्दानेही रागावत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या रविवारी मात्र मुले लिहू लागतात. आमच्या शाळेतील आठवीच्या एका मुलीच्या वहीत एवढेच होते : "आमच्या घरच्या बोरच्या पाण्यात साबणाले फेस येत नाही, मामाच्या गावी येतो." सरांनी त्या ओळीखाली रेघ मारली आणि तिच्याच शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला जोडीला घेऊन दोघींना पुढचे पाच महिने त्या एका वाक्यामागे लावले.

खारपाणपट्टा म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायला हवे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातील मोठ्या पट्ट्याचे भूजल खारे आहे. जमीन काळी आणि खोल आहे, पण विहिरी-बोअरचे पाणी पिण्याला फारसे चालत नाही आणि ओलितालाही जपूनच वापरावे लागते. म्हणून रब्बीत जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर हरभरा घेण्याची पद्धत पडली. घरात 'गोड पाणी' आणि 'खारे पाणी' अशा दोन वेगळ्या घागरी असणे इथल्या मुलांना इतके सवयीचे आहे, की त्यात काही प्रश्न दडलेला असेल असे त्यांना वाटत नाही. वाटायला लावणे हेच मार्गदर्शकाचे खरे काम होते.

दोघींनी केंद्रातला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारे छोटे उपकरण, घेऊन गावातील बोअर, हातपंप, दोन विहिरी, नळयोजनेचे पाणी आणि घरच्या पत्र्यावरून धरलेले पावसाचे पाणी मोजायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात एका बोअरचा आकडा सकाळी एक आणि दुपारी दुसरा आला. मुलीने विचारले, "सर, हे मीटर खरं सांगते काय?" सरांनी उत्तर दिले नाही. त्यांनी तिच्यापुढे तीन पेले ठेवले. एकात पावसाचे पाणी होते, दुसऱ्यात तेच पाणी आणि चिमूटभर मीठ, तिसऱ्यात तेच मिठाचे पाणी कोमट करून. आता तूच मीटरची परीक्षा घे, असे ते म्हणाले. पावसाच्या पाण्यात आकडा विशीच्या आसपास राहिला, मिठाने तो एकदम उसळला आणि कोमट पाण्यात काही क्षण वरखाली होत राहिला. त्यानंतर ताईंनी समजावून सांगितले, की हा मीटर क्षार मोजतच नाही. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. पाणी तापले की ही वाहकता दर अंश सेल्सिअसला साधारण दोन टक्क्यांनी वाढते. मीटर आपल्या परीने ती वाढ वजा करतो, पण त्याचे टोक पाण्याच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे लागते. त्या दिवसानंतर दोघी पाणी सावलीत ठेवून, थोडे थांबून, प्रत्येक नमुन्याचे तीन वेळा वाचन घेऊ लागल्या. वहीत त्यांनी स्वतःहून नवीन रकाना आखला : 'किती वेळ थांबलो'. माझ्या इतक्या वर्षांच्या अध्यापनात मी मापनातील त्रुटी हा घटक फळ्यावर अनेकदा शिकवला आहे. तो मुलीच्या हाताने आखलेल्या रकान्यात उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

आकडे जमल्यावर त्यांना अर्थ देण्याची वेळ आली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. गावातील एका बोअरचे वाचन तीनही वेळा २००० च्या वर आले होते. मुलींनी तक्त्यावर मोठ्या अक्षरांत मथळा लिहिला : 'या पाण्यामुळे किडनीचे आजार होतात'. गावात सगळे तसेच बोलतात, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. सरांनी मथळा खोडला नाही. तुमच्या वहीतल्या कोणत्या पानावर हे सिद्ध होते ते मला दाखवा, एवढेच त्यांनी विचारले. दोघींनी सगळी वही चाळली. आजारी माणसांची एकही नोंद त्यांच्याकडे नव्हती. मग तो कागद बाजूला ठेवून नव्या तक्त्यावर त्यांनी लिहिले : 'आमच्या गावातील कोणते पाणी पिण्यासाठीच्या मानकात बसते?' चळवळीच्या फलकाला पहिला मथळा जास्त शोभला असता. पण तेरा वर्षांच्या मुलीला आपला पुरावा कुठपर्यंत पोहोचतो आणि कुठे थांबतो हे ओळखता येणे, हे मला फार मोलाचे वाटते आणि या केंद्राला मी सर्वाधिक गुण देते ते याच एका गोष्टीसाठी.

याच्या पुढचा टप्पाही त्यांनी नीट आखला. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाण्याच्या प्राथमिक तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आमच्या गावातील अशा एका काकूंकडे तपासणी संच होता आणि तो बरेच दिवस कपाटात पडून होता. ताई मुलींना घेऊन त्यांच्या घरी गेल्या. काकूंनी थेंब मोजत मोजत पाण्याचा कठीणपणा आणि क्लोराइड तपासून दाखवले आणि साबणाला फेस का येत नाही याचे उत्तर मुलींना त्या ओसरीवर मिळाले. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून त्याचा न विरघळणारा साका करतात, हे वाक्य पाठ्यपुस्तकात असतेच. ते समोर घडताना पाहिल्यावर मुलीने पहिली गोष्ट केली ती म्हणजे आईला बोलावून आणले. काकूही त्यानंतर संच घेऊन शाळेत आल्या. ज्या बाईने आयुष्यात कधी वर्गापुढे उभे राहून बोलले नव्हते, तिने सातवीच्या मुलांना पाऊण तास शिकवले. मार्गदर्शनाचा फायदा एकट्या मुलाच्या पदरात पडत नाही, असे मी म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे त्या काकू असतात.

तालुक्याच्या प्रदर्शनीत या दोघींचा टेबल सजावटीत सर्वांत साधा होता : सहा बाटल्या, एक मीटर, एक तक्ता आणि तेलकट झालेली वही. परीक्षकांनी विचारले, या पाण्यात नेमका कोणता क्षार जास्त आहे? मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हा मीटर ते सांगू शकत नाही, सर. कठीणपणा आणि क्लोराइड आम्ही संचाने पाहिले आहे. बाकीचे कळण्यासाठी नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्यावा लागेल." पाठ केलेल्या भाषणात असे उत्तर कधी सापडत नाही, कारण पाठ करून देणारा माणूस 'सांगता येत नाही' हे वाक्य मुलाला शिकवत नाही. त्यांची निवड जिल्ह्यासाठी झाली आणि जिल्ह्यातून पुढे झाली नाही. परत येताना एसटीत त्या दोघी दुसऱ्या शाळेच्या एका मुलाने मांडलेल्या सौर वाळवणी यंत्राबद्दल बोलत होत्या आणि त्याने तापमान किती ठिकाणी मोजले हे विचारायचे राहिले म्हणून हळहळत होत्या.

निवड न होताही काय घडते, याचे दुसरे उदाहरण मला त्याहून बोलके वाटते. नववीच्या एका मुलाने वडिलांच्या कपाशीत कामगंध सापळे लावून गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजण्याचा प्रकल्प घेतला होता. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातील कापूस उत्पादकांचे केलेले नुकसान आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधा इथे कोणी विसरलेले नाही, त्यामुळे विषय घरचाच होता. मादीच्या गंधासारखा गंध असलेल्या ल्यूरकडे, म्हणजे सापळ्यातल्या आमिषाकडे, नर पतंग येतात आणि सापळ्यात अडकतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग सापडले, तर फवारणीचा विचार करावा, ही त्यामागची शिफारस. मुलाने दीड महिन्याच्या नोंदी आणल्या. ताईंनी त्या वाचल्या आणि सौम्यपणे विचारले, की दिवाळीत तू मामाकडे गेला होतास, त्या चार दिवसांचे आकडे कुठून आले? मुलगा गप्प राहिला. ताईंनी त्याला बोल लावला नाही. ज्या दिवशी गेलो नाही, त्या दिवशीची जागा रिकामी ठेवायची आणि शेजारी कारण लिहायचे, असे सांगून त्यांनी त्याच्यासमोर स्वतःच्या शेतातली नोंदवही उघडली. तिच्यातही रिकाम्या जागा होत्या. मुलाने ते चार आकडे खोडले. तालुक्यात त्याच्या प्रकल्पाला बक्षीस मिळाले नाही. पण त्याच्या वडिलांची बाजाराच्या दिवशी भेट झाली तेव्हा ते आपण होऊन म्हणाले, "पोट्टं रोज सकाळी पतंग मोजते, बाई, म्हणून यंदा एक फवारा वाचला." मुलाच्या शब्दाला घरात वजन आले होते, आणि ते वजन मोजून आणलेल्या आकड्यांमुळे आले होते.

शहरातील सोयींशी या केंद्राची तुलना करणे योग्य होणार नाही, तरी पालक ती करतात म्हणून सांगते. नागपूरचे रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून उभे आहे आणि आमच्या शाळेची सहल तिथे जाते तेव्हा मुले हरखून जातात. एकदा तरी ते दाखवलेच पाहिजे. ज्या शाळांना अटल टिंकरिंग लॅब ही केंद्र सरकारच्या योजनेतील प्रयोगशाळा मिळाली आहे, तिथे वीस लाखांपर्यंतच्या अनुदानातून थ्रीडी प्रिंटर, सेन्सर असे साहित्य आलेले असते. आमच्या केंद्रात यातले काहीही नाही. मोजणीचे दोन मीटर, एक साधा सूक्ष्मदर्शक, तराजू, थर्मामीटर, पाने-पक्कडी आणि मुलांनी गोळा केलेल्या बाटल्या एवढेच त्याचे भांडवल आहे. साहित्य घरी नेऊन वापरायचे आणि धुऊन परत करायचे, एवढी एकच अट असते आणि शुल्क घेतले जात नाही. यंत्रसामग्री उत्तम असूनही कुलूपबंद राहिलेली खोली मी पाहिलेली आहे. इथे मात्र तराजूच्या पारड्याचा रंग वापराने उडून गेला आहे.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव वेळापत्रकाची आहे. तालुका आणि जिल्हा पातळीच्या प्रदर्शन्या हिवाळ्यात येतात आणि नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी जोरात असते. मजूर मिळत नाहीत, तेव्हा घरची मुले वावरात जातात आणि केंद्रातील उपस्थिती निम्म्यावर येते. केंद्राने ऑक्टोबरपूर्वी प्रत्यक्ष मोजमापे संपवण्याचा आग्रह धरला, तर बरेच प्रकल्प अर्धवट राहणार नाहीत. दुसरे असे, की संध्याकाळच्या एसटीची वेळ मुलींसाठी गैरसोयीची आहे. शेवटची फेरी चुकली तर घरी पोहोचणे कठीण होते, म्हणून लांबच्या गावांतील मुली दुपारीच उठून जातात आणि चर्चेचा सगळ्यात रंगलेला भाग त्यांच्याविना होतो. वर्ग सकाळी लवकर भरवावा, अशी विनंती मी केली आहे आणि तिचा विचार सुरू असल्याचे मला सांगण्यात आले आहे.

तिसरी उणीव जरा नाजूक आहे. मुले आपल्या वहीत वऱ्हाडीत लिहितात आणि ते लिखाण जिवंत असते. प्रदर्शनीचा अहवाल तयार करताना मात्र सर ते सगळे पुस्तकी मराठीत घडवून देतात. 'फेस येत नाही' याचे 'फेननिर्मिती होत नाही' झाले की मुलगी स्वतःचाच अहवाल वाचताना अडखळते. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, पण शब्द मुलाच्या तोंडात बसणारे असावेत. सरांविषयी मला नितांत आदर आहे आणि तरीही या एका बाबतीत मी त्यांच्याशी सहमत नाही. याशिवाय दहावीनंतर केंद्राचा मुलांशी संबंध तुटतो. अकरावीला अमरावती-अकोल्याला गेलेली मुले सुट्टीत आली, तर त्यांच्याकडून धाकट्यांना मार्गदर्शन घेता येईल, पण त्यासाठी त्यांची साधी यादीही कोणी ठेवलेली नाही. दोनच माणसांवर सगळा भार आहे. सरांचे वय पाहता या उणिवेकडे सर्वांत आधी लक्ष दिले पाहिजे.

शिक्षकांसाठीही एक गोष्ट नोंदवते. रविवारी तिथे जाऊन नुसते बसले, तरी आपल्याला प्रश्न विचारण्याची पद्धत कळते. मूल चुकीचे बोलले की लगेच दुरुस्त करण्याची आपल्याला सवय असते. सर तिथे मनातल्या मनात पाच-सहा आकडे मोजतात आणि तेवढ्या वेळात मूल बहुतेकदा स्वतःच स्वतःला दुरुस्त करते. मी हा विराम माझ्या वर्गात आणला आहे आणि मागच्या बाकावरचे हात आता वर होऊ लागले आहेत.

पाठवू इच्छिणाऱ्या पालकांसाठी माहिती अशी. विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात आणि केंद्र त्यानंतर लगेच, जुलैच्या पहिल्या रविवारी सुरू होते. सहावी ते दहावीच्या कोणत्याही शाळेच्या मुलाला प्रवेश आहे. गुणपत्रिका पाहिली जात नाही. इन्स्पायर-मानकसाठी कल्पना शाळेमार्फत ऑनलाइन नोंदवावी लागते, म्हणून मुलाच्या नावाचे बँक खाते आणि आधार जोडणी पावसाळ्यातच करून घ्यावी, कारण खात्याअभावी मागे राहिलेली मुले माझ्या पाहण्यात आहेत. पहिल्या दिवशी मुलासोबत एक वही आणि जेवणाचा डबा द्यावा. नोव्हेंबरमध्ये येऊन एखादी चांगली प्रतिकृती सुचवा, अशी विनंती करणाऱ्या पालकांना सर नम्रपणे नकार देतात आणि पुढच्या जुलैची तारीख लिहून देतात.